इंजिन पाठीमागे गेलं त्याची गोष्ट: कॉर्व्हेट सी८च्या अनावरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी स्पोर्ट्स कार येणार अशी कुजबुज सुरू झाली की गाड्यांवर जीव असलेल्या माणसाला चैन पडत नाही. धूसर फोटो झूम करून बघायचे, आवाजावरून सिलिंडर मोजायचे, तारखेवर पैजा लावायच्या. या वाट बघण्याबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते फिरून फिरून शेवर्ले कॉर्व्हेटच्या आठव्या पिढीवर येतात. त्या गाडीइतकी वाट क्वचितच कुठल्या गाडीची पाहिली गेली असेल. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

सी८ म्हणजे काय? तिच्यासाठी लोक एवढे का आतुरले होते?

सी म्हणजे कॉर्व्हेट आणि ८ म्हणजे आठवी पिढी. पहिली कॉर्व्हेट १७ जानेवारी १९५३ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात, शेवर्लेची मालक कंपनी जनरल मोटर्स हिच्या मोटोरामा प्रदर्शनात लोकांसमोर आली. त्या वर्षी मिशिगनमधल्या फ्लिंटला फक्त ३०० गाड्या बनल्या आणि सगळ्याच्या सगळ्या पांढऱ्या. तिथपासून सातव्या पिढीपर्यंत रूप बदललं, ताकद बदलली, कारखाने बदलले. इंजिन मात्र कायम ड्रायव्हरच्या पुढे, लांबलचक बॉनेटखाली राहिलं. १८ जुलै २०१९ला ते पहिल्यांदाच विक्रीच्या कॉर्व्हेटमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे गेलं. आतुरता होती ती या एका बदलासाठी.

इंजिन पुढे असो की मागे, असा काय फरक पडतो?

खूप पडतो. स्पोर्ट्स कारमधली सर्वांत जड वस्तू इंजिन. ते सीट आणि मागचा अॅक्सल यांच्या मधोमध ठेवलं की वजन गाडीच्या पोटाशी येतं आणि वळणावर गाडीचं तोंड चटकन फिरतं. दुसरं म्हणजे ताकद मागच्या चाकांना जाते, तर वजनही त्याच चाकांवर बसतं. सी८मध्ये साधारण ४० टक्के वजन पुढच्या चाकांवर आणि ६० टक्के मागच्या चाकांवर आहे. मावळत्या सी७च्या झेडआर१ आवृत्तीला ७५५ हॉर्सपॉवर होती आणि तेवढी ताकद रस्त्यावर उतरवताना मागचे टायर मेटाकुटीला येत. पुढे इंजिन ठेवून आणखी वेग काढायला जागाच उरली नव्हती.

बसायची जागाही बदलते. ड्रायव्हर पुढे सरकतो, समोरचं बॉनेट खाली उतरतं आणि रस्ता जवळ येतो.

ही कल्पना कधीची? एवढी वर्षं अडलं कुठे?

ही कल्पना झोरा आर्कुस-डुंटोव यांची. जन्म १९०९, ब्रुसेल्सचा. मोटोरामातली पहिली कॉर्व्हेट पाहून ते इतके भारावले की त्यांनी थेट कंपनीला पत्र लिहिलं आणि १९५३मध्येच जनरल मोटर्समध्ये रुजू झाले. १९५४ आणि १९५५मध्ये फ्रान्समधल्या ल मां या २४ तासांच्या शर्यतीत पोर्शे चालवून त्यांनी आपल्या गटात विजय मिळवला होता. इंजिन पाठीशी असलं की गाडी कशी वळते, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं.

१९६०मध्ये त्यांनी सर्व्ह-१ ही प्रायोगिक एकआसनी गाडी दाखवली, इंजिन ड्रायव्हरच्या मागे. मग सर्व्ह-२ आली. १९७०च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात एक्सपी-८८२ मांडली गेली, इंजिन मध्ये आणि तेही आडवं. तेव्हाच्या तरुणांनी हीच पुढची कॉर्व्हेट असं गृहीत धरलं. त्याच सांगाड्यावरून पुढे एअरोव्हेट झाली. ती १९८०ची कॉर्व्हेट म्हणून येणार इथपर्यंत गोष्ट गेली आणि तिथेच बारगळली. झोरा १९७५मध्ये निवृत्त झाले, डिझाइनचे प्रमुख बिल मिचेल १९७७मध्ये निवृत्त झाले, आणि कंपनीत तिची बाजू लढवणारं कुणी उरलं नाही. १९८६मध्ये कॉर्व्हेट इंडी, १९९०मध्ये सर्व्ह-३. दर वेळी तेच, प्रदर्शनात टाळ्या आणि नंतर शांतता.

अडचण तंत्राची कधीच नव्हती. समोर इंजिन असलेली कॉर्व्हेट चांगली खपत होती. चालत्या दुकानाला हात कोण लावणार? सी७च्या वेळीही मधल्या इंजिनाचा विचार झाला होता, पण २००९मध्ये जनरल मोटर्सच दिवाळखोरीत गेली आणि तो बेत मागे पडला. म्हणून 'या वेळी नक्की' असं कुणी म्हटलं की जुने चाहते नुसतं हसत. त्यांचे हात पोळलेले होते.

सगळ्यांना कुणकुण असते, तरी कंपन्या एवढी गुप्तता का पाळतात?

सर्वांत मोठं कारण शोरूममध्ये उभं असतं. पुढच्या वर्षी कायापालट झालेली गाडी येणार हे अधिकृतपणे कळलं, तर आज उभी असलेली गाडी कोण घेईल? सी७ विकायची होती, तिचा कारखाना चालू ठेवायचा होता. प्रतिस्पर्ध्यांपासून जपणं आणि आकार शेवटपर्यंत बदलायची मोकळीक राखणं ही कारणं त्यानंतरची. लोकांना चकित करण्याचा आनंद हेही एक कारण आहेच, आणि मला ते मुळीच कमी महत्त्वाचं वाटत नाही. चार-पाच वर्षं एका गाडीसाठी घरच्यांशीही मोकळेपणी बोलता न आलेल्या इंजिनिअरांना पडदा सरकण्याचा तो एक क्षण मिळायलाच हवा.

अंगावर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्या असलेली गाडी म्हणजे काय? त्या पट्ट्यांनी काय साधतं?

ते स्टिकरसारखं व्हिनाइल असतं. गाडीचा आकार आपल्याला कळतो तो पत्र्यावरच्या सावल्या आणि कडांवरून. नागमोडी नक्षीत डोळा त्या कडा शोधत राहतो आणि कॅमेऱ्याचा फोकसही गोंधळतो. सुरुवातीच्या गाड्यांवर एवढ्याने भागत नाही. पत्र्यावर फोमचे ठोकळे, वरून प्लास्टिकचे तुकडे स्क्रूने आवळलेले, टेललाइट दुसऱ्याच, आत डॅशबोर्डवर कापड. जशी तारीख जवळ येते तशी एकेक थर उतरतो. म्हणून मुरलेला चाहता नक्षी बघतच नाही. जे झाकता येत नाही ते तो बघतो: चाकं, ब्रेकची डिस्क, काचा, आरसे, हवा आत घ्यायच्या जाळ्या. सर्वांत महत्त्वाचं, पुढचं चाक आणि दाराची पुढची कड यांच्यातलं अंतर. ते आखूड असलं तर समोर मोठं इंजिन मावणारच नाही. सी८च्या पहिल्या फोटोंत लोकांनी हेच टिपलं. फोम कितीही चिकटवा, चाकाची जागा लपत नाही.

पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं आहे. गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात, चाकणला गाड्यांचे कारखाने, त्यामुळे झाकलेल्या गाड्या इथे रस्त्यावर दिसतातच. एकदा एक्स्प्रेस वेवर फूड मॉलला चहाला थांबलो होतो. शेजारी तशीच गाडी, मागच्या काचेवर 'ऑन टेस्ट'चा कागद. दोघं उतरले आणि एकाने चहाची ऑर्डर द्यायच्या आधी गाडीवर करडं कापड ओढलं. वाऱ्याने कापडाचा कोपरा उडाला आणि मागच्या बंपरवर चिकटपट्टीने दाबलेला फोम दिसला. कडेला जुन्या स्पंजसारखा पिवळा पडलेला, त्यावर लाल मातीचा थर. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. "दादा, फोटो नको हं, आमच्या नोकरीचा प्रश्न आहे," एवढंच तो म्हणाला. मी मोबाइल खिशात ठेवला. कोण दिवसरात्र फिरवून गाडी तयार करतं, ते त्या मातीच्या थरावरून मला कळलं होतं.

मग अशा गाडीचा फोटो काढूच नये का?

सार्वजनिक रस्त्यावरून दुरून काढलात तर कुणाची हरकत नसावी. पाठलाग मात्र करू नका. हायवेवर एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून गाडीला चिकटणारे मी पाहिले आहेत. असला फोटो कुणाच्याही जिवापेक्षा मोठा नाही.

सी८ची चाचणी खरोखर एका पिकअपच्या रूपात झाली होती?

हो, आणि हा किस्सा माझा फार आवडता आहे. अगदी पहिल्या चाचणी-गाडीचं टोपणनाव होतं ब्लॅकजॅक. तिला ऑस्ट्रेलियातल्या होल्डन कंपनीच्या युटचा, म्हणजे मागे हौदा असलेल्या कारचा, वेष चढवला होता. इंजिन ड्रायव्हरच्या मागे असेल तर ते झाकायला हौद्यासारखी दुसरी जागा कुठली? कुणी पाहिलंच तर वाटावं, होल्डनचं काहीतरी विचित्र काम चाललंय. मिशिगनमध्ये मिलफर्डला जनरल मोटर्सचं १९२४पासूनचं स्वतःचं चाचणी मैदान आहे. तिथेही सगळ्यांनाच सगळं ठाऊक नसतं, म्हणजे आपल्याच माणसांपासूनही लपवायचं होतं.

तारीख कशी कळली?

कंपनीनेच सांगितली आणि तीही न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये. एप्रिल २०१९मध्ये मुख्य इंजिनिअर टॅज जुक्टर आणि कंपनीच्या प्रमुख मेरी बारा नक्षीने झाकलेली सी८ घेऊन भर रस्त्यावर आले. दारावर आकडे होते ७, १८, १९. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे १८ जुलै २०१९. वर्षानुवर्षं 'अशी काही गाडी आहे' हेसुद्धा कबूल न करणाऱ्यांनी ती दिव्यांच्या झगमगाटात उभी केली. मधलं इंजिन आता गुपित राहिलेलं नव्हतं. तरीही पुढचे तीन महिने लोक त्या नक्षीतून आकार काढत बसले होते.

अनावरण कुठे झालं आणि कसं?

कॅलिफोर्नियात टस्टिनला. तिथे दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या हवाई जहाजांसाठी, म्हणजे फुगवलेल्या अजस्र ब्लिंपसाठी, लाकडी हँगर बांधले होते. त्या कमानीखाली कार्यक्रम झाला. तिथे गुरुवारची रात्र, आपल्याकडे शुक्रवारची सकाळ. मी ऑफिसला निघायच्या आधी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून थेट प्रक्षेपण लावलं होतं. पोहे गार झाले. आई दोनदा म्हणाली, "अरे, खाऊन घे आधी."

आकडे कळले: मागे ६.२ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, कंपनीच्या भाषेत एलटी२, ४९५ हॉर्सपॉवरपर्यंत. झेड५१ हे जादा कामगिरीचं पॅकेज घेतलं तर थांबलेल्या अवस्थेतून ताशी ६० मैलांचा, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरचा, वेग ३ सेकंदांच्या आत. छताचा तुकडा काढून मागच्या डिकीत ठेवता येतो आणि इंजिन वरच्या काचेतून दिसतं. नाव ठरलं स्टिंगरे.

मग गुपित असं काही उरलं होतं का?

उरलं होतं, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट तीच आहे. लोकांनी आकार ताडला होता, इंजिनाची जागा ताडली होती, आवाजावरून व्ही८ ओळखलं होतं. दुर्बिणी रोखलेले सगळे डोळे पत्र्यावर होते. ज्याला ना फोम लावावा लागतो ना नक्षी, ती किंमत कुणाच्याच नजरेला पडली नाही.

सी७ साधारण छप्पन हजार डॉलरपासून सुरू होत होती. नवा सांगाडा, नवा गिअरबॉक्स, इंजिन मागे म्हटल्यावर किंमत सत्तर-ऐंशी हजारांवर जाणार असं लोक धरून चालले होते. कितीतरी जुन्या चाहत्यांनी मनात निरोपही घेतला होता की ही आता आपली गाडी राहणार नाही. त्या रात्री मंचावरून सांगितलं गेलं, साठ हजारांच्या आत. नंतर नेमका आकडा आला ५९,९९५ डॉलर. त्याच सुमाराची पोर्शे ९११ कॅरेरा एस एक लाख डॉलरच्या वर सुरू होत होती. हँगरमध्ये गाडी आली तेव्हा जल्लोष झालाच होता, पण ही किंमत ऐकल्यावर मी पोह्यांची बशी खाली ठेवून उभाच राहिलो. डॉलरांतली किंमत माझ्या काय कामाची? तरी राहिलो.

कॉर्व्हेट ही अमेरिकेतल्या शिक्षकाने, सुताराने, निवृत्त सैनिकाने आयुष्यभर पैसे साठवून घ्यायची गाडी. इंजिन मागे नेऊनही ती त्यांच्या आवाक्यात ठेवली, हे मला त्या तीन सेकंदांहून मोठं काम वाटतं.

पायात क्लच का नाही?

यावरून चाहते खरोखर दुखावले. पहिली काही वर्षं आणि १९८२ यांचा अपवाद सोडला तर कॉर्व्हेटला हाताने बदलायचा गिअर नेहमी मिळत होता. सी८ला फक्त ट्रेमेक कंपनीचा आठ गतींचा ड्युअल क्लच, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा, गिअरबॉक्स आला. कारण सांगाड्यात आहे. गाडीच्या मधोमध जाणारा बोगदा हाच तिचा कणा, आणि गिअरच्या दांड्यासाठी त्याला भोक पाडलं की तो कमकुवत होतो. शिवाय मॅन्युअल मागणारे इतके कमी उरले होते की तेवढ्यांसाठी नवा गिअरबॉक्स बनवणं परवडत नव्हतं. मला हे पटतं. तरी हळहळ वाटते ती वाटतेच.

कुठले अंदाज सपशेल चुकले?

नावाचा. जनरल मोटर्सने २०१४मध्ये 'झोरा' हे नाव ट्रेडमार्कसाठी नोंदवलं, तेव्हापासून लोकांनी नव्या गाडीचं बारसं परस्पर उरकून टाकलं. गाडी स्टिंगरे म्हणूनच आली. दुसरी चूक काळाची. नवी गाडी 'पुढच्याच वर्षी' येणार असं दर वर्षी छापून येत होतं. एवढं शिकावं की ट्रेडमार्क नोंदवला म्हणून नाव ठरत नाही आणि फोटो सापडला म्हणून तारीख ठरत नाही.

एकही धागा न सापडता पूर्ण गुप्त राहिलेली गाडी आहे का?

जवळपास तशी आहे, फोर्ड जीटी. जानेवारी २०१५च्या डेट्रॉइट प्रदर्शनात ती आली तेव्हा बहुतेकांना धक्काच बसला. मोजकी माणसं, तळघरातली एक खोली, तिला साधं किल्लीचं कुलूप. पुढच्याच वर्षी, फोर्डच्या १९६६च्या ल मां विजयाला ५० वर्षं होत असताना, तिने तिथेच आपला गट जिंकला. लहान चमू आणि थोड्याच गाड्या असतील तर हे जमतं. हजारोंनी विकायची गाडी रस्त्यावर चालवून पाहायची असेल तर तळघर पुरत नाही.

जुन्या काळातली जॅग्वार ई-टाइपची गोष्ट निराळी आहे. मार्च १९६१मध्ये जिनिव्हात ती दाखवली, तर चालवून बघायला एवढी झुंबड उडाली की एक गाडी पुरेना. चाचणी चालक नॉर्मन ड्यूइस यांना निरोप गेला, कॉव्हेन्ट्रीहून दुसरी गाडी घेऊन निघा. रातोरात ती चालवत ते जिनिव्हाला ऐन वेळेला पोहोचले.

अनावरण झालं की गाडी लगेच मिळते?

नाही. सप्टेंबर २०१९मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या कामगारांचा संप सुरू झाला, तो सहा आठवड्यांच्या आसपास चालला. त्यामुळे केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात सी८चं उत्पादन फेब्रुवारी २०२०मध्ये सुरू होऊ शकलं आणि मार्चमध्ये कोरोनाने ते थांबवलं. त्याआधी जानेवारीत पहिल्या क्रमांकाच्या गाडीचा लिलाव झाला. ३० लाख डॉलर मिळाले, ते डेट्रॉइटच्या मुलांच्या शिक्षणासाठी गेले.

भारतात मिळते का? उजव्या हाताचं स्टिअरिंग आलंय म्हणे.

सी८ ही कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगसह निघालेली पहिली कॉर्व्हेट हे खरं. पण त्या गाड्या जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनसाठी. कंपनीने कॉर्व्हेट भारतात कधीच अधिकृतपणे विकली नाही, आणि २०१७अखेर तर शेवर्लेची सगळी विक्रीच इथे बंद झाली. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी २०२०च्या शेवटपर्यंत चालला, नंतर तो ह्युंदाईने घेतला. सी८ची निर्मिती सुरू झाली त्याच वर्षी तळेगावच्या गेटवरून त्याच चिन्हाची शेवटची गाडी बाहेर पडली. तिथे काम केलेल्यांना कॉर्व्हेटचं कौतुक सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

यानंतर आणखी आवृत्त्या आल्या का?

बऱ्याच. ऑक्टोबर २०२१मध्ये ६७० हॉर्सपॉवरची झेड०६. मग १७ जानेवारी २०२३ला, मोटोरामाच्या बरोबर ७०व्या वाढदिवशी, पुढच्या चाकांना विजेची मोटर असलेली ई-रे. जुलै २०२४मध्ये १,०६४ हॉर्सपॉवरची झेडआर१. झोरांच्या कल्पनेत किती दम होता, ते या गाड्या दाखवतात.

झोरांना ही गाडी पाहायला मिळाली का?

नाही. ते एप्रिल १९९६मध्ये गेले, म्हणजे टस्टिनच्या त्या रात्रीच्या २३ वर्षं आधी. बोलिंग ग्रीनला कॉर्व्हेटचं राष्ट्रीय संग्रहालय व्हायचं होतं तेव्हा पायाभरणीला ते स्वतः बुलडोझरवर चढले होते. त्यांच्या अस्थी त्याच संग्रहालयात ठेवल्या आहेत. सी८ जिथे तयार होते तो कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर आहे.